आई-बाबा अमेरिकेत राहायला येतात तेव्हा: तयारीपासून परतीपर्यंत

आई-बाबा पहिल्यांदा येणार म्हटलं की घरात याद्या सुरू होतात. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, जमलं तर ग्रँड कॅन्यन. पण चार-सहा महिन्यांच्या मुक्कामात अशा सहलींचे दिवस मोजकेच असतात. बाकी सगळ्या मंगळवारच्या दुपारी. तुम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि आई-बाबा घरात. मुक्काम सुखाचा होणार की नाही, हे त्या दुपारींवर ठरतं. म्हणून कागदपत्रं आणि विमा यांच्याइतकंच त्या दुपारींबद्दलही मी लिहिणार आहे. आमच्याकडे माझी आई येऊन राहिली आहे आणि सासू-सासरेही, त्यामुळे दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत.

1. आधी ऋतू बघा, मग तिकीट

तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून डिसेंबरात बोलावू नका. न्यू जर्सी, मिशिगन, मिनेसोटा अशा उत्तरेकडच्या राज्यांत राहत असाल तर हे अगदी मनावर घ्या. हिवाळ्यात न्यूयॉर्क परिसरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. फुटपाथवर पारदर्शक बर्फाचा थर असतो, तो दिसत नाही, आणि सत्तरीतलं माणूस त्यावरून घसरलं की सगळा मुक्काम हॉस्पिटलात जातो. एप्रिलच्या शेवटी यावं आणि ऑक्टोबरात परतावं, म्हणजे हवा चांगली, संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड आणि दिवाळीला आपल्या घरी. टेक्सास किंवा ॲरिझोनात राहणाऱ्यांनी गणित उलटं करावं, तिथे उन्हाळा टाळायचा.

बाळंतपणासाठी बोलवत असाल तर ऋतू तुमच्या हातात नसतो. तेव्हा निदान तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी त्यांना येऊ द्या. वेळेचा फरक अंगवळणी पडायला आणि स्वयंपाकघर ओळखीचं व्हायला तेवढे दिवस लागतात.

2. व्हिसा: कमी कागद, खरी उत्तरं

भेटीसाठीचा व्हिसा म्हणजे बी-1/बी-2. डीएस-160 हा अर्ज ऑनलाइन भरायचा, अर्जाची फी 185 डॉलर, ती परत मिळत नाही. आधी व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो, मग वकिलातीत मुलाखत. महाराष्ट्रातले बहुतेक जण मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत जातात. तिथे मराठीतून मुलाखत देता येते. आई इंग्रजीत अडखळत असेल तर तिला मराठीच निवडू द्या, त्यात काही कमीपणा नाही. दोघं एकत्र जाणार असतील तर अपॉइंटमेंटही एकत्रच घ्या.

डीएस-160 बहुतेक वेळा आपणच इथून भरतो. भरून झाल्यावर प्रत्येक उत्तर फोनवर त्यांना वाचून दाखवा. मुलाखतीत विचारतात ते त्या अर्जातलंच: कुणाकडे चाललात, मुलगा काय काम करतो, किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, परत कधी येणार. उत्तरं पाठ करून घेऊ नका. पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं आणि मधला एक शब्द निसटला की माणूस गोंधळतो. खरं काय ते दोन वाक्यांत सांगता आलं की पुरे.

सोबत ठेवायची फाईल अशी:

- पासपोर्ट, जुने पासपोर्ट असतील तर तेही
- डीएस-160 चं बारकोड असलेलं पान आणि अपॉइंटमेंटचं पत्र
- पेन्शनचे कागद, बँकेची पासबुकं, आयकर विवरणपत्रं, घराचे किंवा शेतीचे कागद
- तुमच्या व्हिसाची किंवा ग्रीन कार्डाची प्रत, नोकरीचं पत्र, अलीकडच्या पगाराच्या पावत्या
- तुमचा पत्ता, फोन आणि नातं लिहिलेलं साधं पत्र

आमंत्रणपत्र किंवा आय-134 हे हमीपत्र सक्तीचं नाही. ते नाही म्हणून व्हिसा नाकारत नाहीत आणि ते आहे म्हणून देतही नाहीत. आई-बाबा परत जाणार याची खात्री अधिकाऱ्याला पटणं, सगळं त्यावर असतं. म्हणून त्यांचे भारतातले कागद तुमच्या पगाराच्या पावत्यांपेक्षा महत्त्वाचे. अनेकदा अधिकारी एकही कागद मागत नाही, तरी फाईल हातात असावी.

एजंटने ‘हे असं सांगा, ते तसं सांगा’ म्हणून खोटं काही सुचवलं तर एजंट बदला. खोटी माहिती एकदा नोंदली गेली की पुढचे सगळे अर्ज अडकतात.

3. निघण्याआधी तिकडची घडी बसवा

हा टप्पा सगळ्यात दुर्लक्षित राहतो. निघण्याच्या दीड-दोन महिने आधी पूर्ण तपासणी करून घ्या, आठवडाभर आधी नको. काही निघालं तर औषध बदलून ते अंगाला मानवतं का हे बघायला वेळ मिळायला हवा. दातांचं काम तिथेच संपवा, कारण भेटीच्या विम्यात दातांचं जवळजवळ काहीच बसत नाही आणि इथलं रूट कॅनल खिशाला फार महागात पडतं. चष्म्याची जादा जोडी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, गुडघ्याचा पट्टा हे सगळं तिथूनच.

औषधं मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीत औषधाचं ब्रँडनाव नव्हे तर मूळ रासायनिक नाव. आपले ब्रँड इथल्या डॉक्टरांना कळत नाहीत. इतकंच काय, पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन म्हणून मिळतं आणि दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल इथे अल्ब्युटेरॉल होतं. एफडीए या अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याच्या सूचनेनुसार परदेशी पाहुण्यांनी साधारण 90 दिवसांपुरती औषधं सोबत आणावीत. मुक्काम लांब असेल तर पुढची औषधं डॉक्टरांचं पत्र, चिठ्ठी आणि पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती जोडून मागवता येतात. झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या असतील तर त्यांचं वेगळं पत्र घ्या. इन्शुलिन घेणाऱ्यांनी विमानात आणि पोचल्यावर वेळा कशा बदलायच्या ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं, घरच्या घरी अंदाज बांधू नये.

मग बँक. ओटीपी त्यांच्या भारतातल्या नंबरवर येतो. तो नंबर इथे चालला नाही तर सहा महिने खातं कुलूपबंद. निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून घ्या आणि रिचार्ज संपू देऊ नका. प्रीपेड सिम 90 दिवस अजिबात वापरलं नाही तर बंद होऊ शकतं. ते सिम जुन्या फोनमध्ये चार्जिंगला लावून ठेवा आणि नव्या फोनमध्ये इथला नंबर घाला, दोन्ही सुरळीत चालतं.

पेन्शन असेल आणि मुक्कामात नोव्हेंबर येत असेल तर हयातीचा दाखला विसरू नका. ‘जीवन प्रमाण’ या ऑनलाइन दाखल्याची सोय 2014 पासून आहे आणि आता मोबाईलवर चेहऱ्याच्या पडताळणीनेही दाखला देता येतो. केंद्राच्या 80 वर्षांवरील पेन्शनरांना 1 ऑक्टोबरपासून तो देता येतो. परदेशात असताना भारतीय वकिलातीतूनही हयातीचा दाखला मिळतो. कोणता मार्ग आपल्या बँकेला चालतो, ते शाखेत निघण्याआधीच विचारून घ्या.

घराबद्दल: गॅस बंद, पाण्याचा मुख्य नळ बंद, दूध-पेपर बंद, सोसायटीचा मेंटेनन्स आणि वीजबिल खात्यातून आपोआप जाईल अशी सोय, एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे. घराची काळजी राहिली नाही की आई-बाबा इथे मनाने पोचतात. नाहीतर अर्धं लक्ष ‘टाकी वाहत तर नसेल?’ यातच.

4. विमा: याच्याशिवाय विमानात बसवू नका

मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, पाहुण्यांना मिळत नाही. तुमच्या ऑफिसच्या विम्यात आई-बाबा सहसा बसत नाहीत. म्हणजे वेगळा विमा हवाच.

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. पहिली ‘फिक्स्ड बेनिफिट’. यात प्रत्येक उपचाराला ठरलेली रक्कम मिळते आणि वरचं बिल तुमचं. हप्ता कमी, म्हणून मोह होतो. दुसरी ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’. यात डिडक्टिबल, म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम, तुम्ही भरता, पुढे ठरावीक रकमेपर्यंत काही टक्के वाटा आणि त्यानंतर विमा मर्यादेपर्यंत सगळा खर्च उचलतो. हॉस्पिटल नेटवर्कमधलं, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेलं असेल तर बिल थेट विमा कंपनीकडे जातं. हप्ता जास्त असला तरी माझं मत दुसरीच घ्या. हृदयविकार किंवा हाड मोडणं अशा प्रसंगात पहिल्या जातीच्या ठरावीक रकमा हॉस्पिटलच्या बिलापुढे किरकोळ ठरतात.

तरी दुसऱ्या जातीतही बारीक अक्षरं वाचा. बीपी, मधुमेह, जुना हृदयविकार हे ‘आधीपासूनचे आजार’. त्यांच्या नेहमीच्या तपासण्या आणि औषधं कोणी देत नाही. काही पॉलिसी ‘अ‍ॅक्यूट ऑनसेट’ देतात, म्हणजे जुन्या आजाराचा अचानक, पूर्वसूचना नसताना झटका आला तर उपचाराचा खर्च. पण त्याला वयाची अट असते, किती तासांत उपचार घ्यायचे याची अट असते आणि रकमेची मर्यादाही वेगळी असते. सत्तरीनंतर आणि ऐंशीनंतर एकूण मर्यादाच खाली येते. एजंटशी फोनवर बोलण्यावर थांबू नका, पॉलिसीचा पूर्ण मसुदा मागवा आणि त्यात ‘प्री-एक्झिस्टिंग’ हा शब्द शोधून तो प्रत्येक परिच्छेद वाचा.

विमा घरातून निघण्याच्या दिवसापासून सुरू करा. कार्डाचा फोटो दोघांच्या फोनमध्ये, छापील प्रत पर्समध्ये.

5. प्रवासाचे दिवस

व्हीलचेअर मागायला संकोच नको. तिकीट काढतानाच विमान कंपनीला कळवा, वेगळे पैसे पडत नाहीत. चालता येत असलं तरी मागा. लांबलचक विमानतळ, भाषा, रांगा हे सगळं सोबतचा माणूस निभावून नेतो. फक्त आई-बाबांना सांगून ठेवा की बसवून ठेवलेल्या जागेवरून उठून जाऊ नका.

मधे अमेरिकेतच विमान बदलायचं असेल तर पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन होतं आणि तिथे साधारणपणे बॅगा पट्ट्यावरून घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. नवख्याची तारांबळ इथेच उडते. शक्य असेल तर एकच थांबा असलेलं तिकीट घ्या. अबू धाबीमार्गे आलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, इथे उतरल्यावर थेट बॅगा घेऊन बाहेर.

सामानात ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, बियाणं, तांदूळ आणि मांसाचं काहीही नको. मसाले, मेतकूट, चटण्या, लोणची नीट बंद पाकिटांत आणि वर नाव लिहून. खाण्याचे पदार्थ आहेत का असं विचारलं तर ‘हो’ म्हणायचं, हे आईला पुन्हा पुन्हा सांगा. ‘हो’ म्हटल्यावर फार तर एखादं पाकीट काढून घेतील. ‘नाही’ म्हणून पिशवीत आंबा सापडला तर दंड होतो.

पर्समध्ये एक कागद हवा: तुमचं नाव, पत्ता, दोन फोन नंबर, परतीच्या तिकिटाची तारीख, आजार, औषधं. इमिग्रेशनवर कशाला आलात असं विचारलं तर मुलाकडे, नातवंडांना भेटायला आलो, हे खरं उत्तर. बी-2 वर इथे नोकरी करता येत नाही, दुसऱ्यांची मुलं पैसे घेऊन सांभाळणंही त्यातच आलं. शेजारच्या मराठी कुटुंबाने कितीही गळ घातली तरी नाही म्हणा.

6. आय-94: पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी हे करा

नवख्यांचा मोठा घोटाळा इथे होतो. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत दहा वर्षांची दिसते, म्हणून लोक निर्धास्त असतात. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-94 या नोंदीत असते. बहुधा सहा महिने मिळतात, पण कमीही मिळू शकतात.

सीबीपी या सीमा तपासणी खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पासपोर्ट नंबर टाकून दोघांचे आय-94 वेगवेगळे उतरवून घ्या. नाव, जन्मतारीख, मुदत तपासा. नवरा-बायकोच्या तारखाही कधीकधी वेगळ्या निघतात. छापून फ्रिजवर लावा आणि परतीचं तिकीट त्या तारखेच्या निदान दोन आठवडे आधीचं ठेवा. विमानं रद्द होतात, माणूस आजारी पडतो, हातात दिवस हवेत.

आजारपणासारखं खरं कारण असेल तर मुदत वाढवण्यासाठी यूएससीआयएस या इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या खात्याकडे आय-539 अर्ज करता येतो. तो मुदत संपण्याआधीच करायचा, आणि 45 दिवस आधी करावा अशी त्यांची शिफारस आहे. नुसतं ‘अजून थोडं राहू दे’ म्हणून मुदतवाढ मागू नये असं माझं मत आहे, पुढच्या प्रवेशाच्या वेळी त्यावर प्रश्न येतात. मुदत उलटून राहिलं तर व्हिसा रद्द धरला जातो. 180 दिवसांहून जास्त राहून मग देश सोडला तर तीन वर्षं आणि वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलं तर दहा वर्षं प्रवेश बंद.

मुक्कामात तुम्ही घर बदललं तर 10 दिवसांच्या आत एआर-11 हा पत्ताबदलाचा अर्ज भरून त्यांचाही नवा पत्ता कळवायचा. देशांतर्गत विमानप्रवासाला ओळखपत्र म्हणून त्यांचा पासपोर्ट चालतो, वेगळं काही काढायला नको.

7. घर त्यांच्यासाठी राहतं करा

बाथरूमपासून सुरुवात करा. टबची कड गुडघ्याएवढी उंच असते आणि ती ओलांडताना माणूस जे हाताला लागेल ते धरतो. टॉवेलची दांडी धरली तर ती भिंतीतून उपटून येते. म्हणून भिंतीला पक्का बसवलेला आधाराचा दांडा, टबात रबरी चटई, बसायला प्लास्टिकचं स्टूल, हाती धरायचा शॉवर, बादली आणि तांब्या. कमोडला हँड स्प्रे. पडदा टबाच्या आतल्या बाजूला ठेवायचा, कारण बाहेरच्या जमिनीला मोरीसारखा निचरा नसतो आणि पाणी खालच्या मजल्याच्या छतातून ठिबकतं. हे रागावून सांगायच्या आधी, पहिल्याच दिवशी दाखवून सांगा.

गॅसऐवजी काचेची शेगडी असेल तर बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली असते. फोडणी दिली की धुराचा भोंगा वाजतो आणि आई पार घाबरते. भोंगा वाजला तर काय करायचं, खिडकी कुठली उघडायची, पंखा कुठे लावायचा, हे एकदा मुद्दाम करून बघा. भोंग्याची बॅटरी काढून मात्र ठेवू नका.

घरातलं तापमान फॅरनहाइटमध्ये असतं. 68 म्हणजे 20 सेल्सिअस, 72 म्हणजे 22. माझ्या सासऱ्यांनी थर्मोस्टॅटशेजारी पेन्सिलने लिहिलेला असा छोटा तक्ता चिकटवला होता आणि त्यानंतर घरातल्या थंडी-गरमीचा कारभार त्यांच्याकडे गेला. भारतातून आणलेली 230 व्होल्टची उपकरणं इथल्या 120 व्होल्टवर नीट चालत नाहीत. नेब्युलायझर किंवा सीपॅप (झोपेत श्वास नीट चालावा म्हणून लावायचं यंत्र) असेल तर त्याच्यावर दोन्ही व्होल्टेज लिहिलेत का ते आधी पाहा.

आणि घराची किल्ली. पोचल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात स्वतःची किल्ली द्या, गॅरेजचा कोड द्या, वायफायचा पासवर्ड मोठ्या अक्षरांत लिहून द्या. दार उघडायला मुलाची वाट बघत बसणारं माणूस त्या घरात पाहुणंच राहतं.

8. मंगळवारची दुपार

चाळीस वर्षं ज्यांनी स्वतः बाजार केला, बँक केली, चार घरं ओळखीने जोडली, त्यांना इथे दूध आणायलाही आपल्या गाडीची वाट बघावी लागते. कुरकुर, सारखं फोनवर असणं, ‘परतीचं तिकीट अलीकडे घेता येईल का’ असं विचारणं, याचं मूळ बहुधा इथे असतं. खाण्यापिण्याची, टीव्हीची कितीही सोय केलीत तरी ते भरून निघत नाही. त्यांना एकट्याने बाहेर पडता आलं पाहिजे.

एक वाट निवडा. घरापासून चालत जाता येईल असं ठिकाण: बाग, लायब्ररी, किराणा, कॉफीचं दुकान. ती वाट तुम्ही सोबत चाला, दोनदा-तीनदा. वाहनं उजवीकडून जातात, म्हणून ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. खांबावरचं बटण दाबायचं, चालत्या माणसाची पांढरी खूण आली की निघायचं, लाल हात लुकलुकायला लागला की नव्याने पाऊल टाकायचं नाही. सगळ्यात महत्त्वाचं: समोर लाल दिवा असला तरी गाड्यांना बहुतेक ठिकाणी उजवीकडे वळता येतं, तेव्हा खूण मिळाली तरी वळणाऱ्या गाडीकडे नजर हवी.

आईबरोबर मी हे असंच केलं. तिसऱ्या खेपेला मी अलीकडेच थांबले. तिने बटण दाबलं, पर्स काखेत घट्ट धरली, वळणाऱ्या गाडीतल्या बाईने हाताने ‘जा’ म्हणेपर्यंत हलली नाही आणि मग पलीकडे जाऊन वळून माझ्याकडे पाहिलं. त्या आठवड्यापासून ती रोज सकाळी लायब्ररीत जायला लागली.

लायब्ररी हे त्यांच्यासाठी उत्तम ठिकाण. तुमच्या कार्डावर पुस्तकं घेता येतात, काही गावांत भारतीय भाषांतली पुस्तकंही असतात. इंग्रजी बोलण्याचे मोफत वर्ग, विणकामाचे गट, म्युझियमचे मोफत पास हेही बऱ्याच लायब्रऱ्यांत मिळतं. सीनियर सेंटर, म्हणजे ज्येष्ठांचं केंद्र, असेल तर चौकशी करा. आपल्यासारख्याच कुणाचे आई-बाबा जवळपास आलेत का हे गावातल्या महाराष्ट्र मंडळात विचारा. बहुतेक मोठ्या शहरांत मंडळ आहे आणि त्या सगळ्यांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून काम करतंय. दोन आजी-आजोबांची गाठ घालून दिलीत तर तुमचं अर्धं काम झालं.

घरातही एक काम पूर्णपणे त्यांचं असावं. ‘तू बस गं आई, मी करते’ हे प्रेमाने म्हटलं तरी ते माणसाला रिकामं करतं. बागेतली टोमॅटोची रोपं, नातवाचं मराठी वाचन, रविवारचा नाश्ता, जे त्यांना आवडेल ते. त्यात आपण ढवळाढवळ करायची नाही. उलट टोकही आहेच: दोन्ही वेळचा स्वयंपाक, धुणं आणि बाळ सगळं आईवर टाकून आपण निर्धास्त. ती नाही म्हणणार नाही, म्हणून मर्यादा आपणच घालायची.

हातखर्चाला थोडे डॉलर त्यांच्या पाकिटात असू द्या, मागायची वेळ येऊ नये. आणि घड्याळ: मार्चच्या दुसऱ्या रविवारी तास पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. भारतातल्या फोनच्या वेळा त्यामुळे तासाने सरकतात, आधी सांगून ठेवा.

9. नवरा-बायकोने आधी बोलून घ्या

ज्याचे आई-बाबा, त्याने अवघड गोष्टी बोलायच्या. सासूबाईंना सुनेने ‘टबाबाहेर पाणी जातंय’ म्हणणं आणि मुलाने म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक. स्वयंपाकघर कुणाच्या हाती, मुलांच्या स्क्रीनच्या वेळा कोण ठरवणार, ऑनलाइन मीटिंग चालू असताना खोलीत यायचं की नाही, हे ते विमानात बसण्याआधी तुम्हा दोघांत ठरलेलं हवं. आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त तुम्हा दोघांची ठेवा. आई-बाबांनाही नातवंडांबरोबर तुमच्याशिवाय वेळ हवा असतो.

नातवंडांना शाळेतून आणायला आजी-आजोबा जाणार असतील तर त्यांची नावं शाळेच्या यादीत घाला, ओळखपत्राशिवाय मूल सोडत नाहीत.

10. आजारपण आलं तर

छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, श्वास न पुरणं: थेट 911 या तातडीच्या मदतीच्या नंबरवर फोन. आई-बाबांना एकच इंग्रजी वाक्य आणि तुमचा पत्ता येत असला तरी पुरे. फ्रिजवर लावा, आठवड्यातून एकदा म्हणवून घ्या. ‘मुलगा येईल मग बघू’ असं वाट पाहणं जिवावर बेततं.

ताप, जुलाब, मुरगळ, लघवीला जळजळ: अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ दुखण्यांसाठीचा दवाखाना. इमर्जन्सी रूमपेक्षा खूप स्वस्त पडतं, आणि किरकोळ कारणासाठी इमर्जन्सीत गेलात तर अनेक पॉलिसी वेगळं डिडक्टिबल लावतात. निघण्याआधी विमा कंपनीला फोन करून नेटवर्कमधलं ठिकाण विचारा.

1986 च्या एमटाला कायद्यानुसार इमर्जन्सी विभाग असलेली जवळजवळ सगळी हॉस्पिटलं, पैसे किंवा विमा असो-नसो, तपासणी करून रुग्णाला स्थिर करायला बांधील आहेत. म्हणजे विम्याच्या काळजीने दाराशी थांबू नका. आत गेल्यावर मराठी दुभाषा मागा. बहुतेक हॉस्पिटलांना तो मोफत द्यावा लागतो, फोनवरून मिळतो. मोठ्या निर्णयाच्या वेळी तर दुभाषा हवाच, कारण मुलगा भाषांतर करताना आईला वाईट वाटेल ते गाळतो.

बिल आलं की लगेच भरू नका. खर्चाचा बाबवार तपशील मागा, विम्याचा निर्णय येऊ द्या. ना-नफा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, त्याचा अर्ज मागा आणि हप्त्यांबद्दलही बोला.

11. परतीची तयारी

निघण्याच्या महिनाभर आधी औषधांचा साठा मोजा. इथे झालेल्या तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्जचे कागद, बिलांच्या पावत्या यांचा एक संच त्यांच्याबरोबर आणि एक तुमच्याकडे. व्हीलचेअर परतीलाही सांगायची असते. बॅगा घरीच वजनकाट्यावर ठेवा. चॉकलेटं हँडबॅगेत आणि औषधं चेक-इनमध्ये असं उलटं होत नाही ना बघा.

विमान सुटल्यावर बोर्डिंग पासांचा फोटो मागवून घ्या. आठवडा-दोन आठवड्यांनी आय-94 च्या संकेतस्थळावर प्रवासाचा इतिहास उघडून दोघांची परतीची नोंद झाली आहे का ते तपासा. नसेल तर ते बोर्डिंग पास आणि भारतात उतरल्याचा पासपोर्टवरचा शिक्का हाच पुरावा. तो पुढच्या खेपेच्या फाईलमध्ये पहिला लावून ठेवा.